खिडकीकडे तोंड केलेली लेटी

वडिलांना जाऊन महिना होतो न होतो तोच विल्फ्रेड घर रिकामं करायला आला. केंडल गावातलं ते दगडी घर वडिलांनी त्याच्या नावावर केलं होतं आणि त्याने ते विकूनही टाकलं होतं. एव्हरिल आणि लेटी या दोघी बिनलग्नाच्या बहिणींसाठी त्याने गावातच, बेकरीच्या वर, दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. घर सोडायला दोघींची ना नव्हती. एव्हरिलचं म्हणणं एवढंच होतं, की पुढची खोली इतक्यात हलवायची नाही. तिथे तिचं तैलचित्र अर्ध्यावर आलं होतं.

एव्हरिल बर्केट तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. तरुणपणी ती लंडनला चित्रकला शिकायला गेली, मध्येच आईने अंथरूण धरलं म्हणून परत आली, ती कायमचीच. मग मुलींच्या शाळेत फुलदाण्या नि सफरचंदं काढायला शिकवू लागली. दरवर्षी ती मँचेस्टरच्या प्रदर्शनाला एक चित्र पाठवायची आणि दरवर्षी ते परत यायचं. विल्फ्रेड म्हणायचा, आमच्या एव्हरिलची चित्रं सगळ्यांत जास्त पाहिली असतील ती रेल्वेच्या हमालांनी.

या खेपेला तिने धाकट्या बहिणीलाच बसवलं होतं. वडिलांची उंच पाठीची खुर्ची, तिच्यात लेटी, खांद्यावर निळी शाल, मागे बशा मांडलेलं काळं कपाट, आणि पूर्वेच्या खिडकीतून येणारा सकाळचा उजेड.

"खुर्ची आणि कपाट आजच नेतो. गाडी दारात उभी आहे," विल्फ्रेड म्हणाला.

"आज नाही. चित्र होऊ दे, मग ने."

"आठवून काढ की. रोज तेच तर बघतेस."

"आठवून काढायचं असतं, तर लेटीला रोज गारठवलं नसतं."

त्याने हमालांना खूण केली. ते पुढे झाले, तेवढ्यात लेटी उठली. उभ्या जन्मात तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तिची चर्चला जायची टोपीसुद्धा विल्फ्रेडची बायको निवडायची. तिने शाल घेतली, खुर्चीत बसली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"लेटी, ऊठ," विल्फ्रेड म्हणाला.

"हलायचं नाही असं सांगितलंय मला," ती मान न वळवता म्हणाली. "आणि तू उजेडाच्या आड उभा आहेस."

हमाल एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी विल्फ्रेडने बाकीच्या खोल्यांमधलं सामान गाडीवर चढवलं आणि निघून गेला.

एव्हरिल त्या दिवशी कितीतरी वेळ कॅनव्हाससमोर नुसती उभी होती. तिने रंगवलेली लेटी गोड, मवाळ हसत होती. ती आता खोटी वाटायला लागली. तिने सुरी घेतली आणि तो चेहरा खरवडून टाकला.

पुढे कितीतरी दिवस दोघी त्या एकाच खोलीत राहिल्या. शेगडीवर लापशी शिजवायची, जमिनीवर गाद्या टाकून झोपायचं. डिसेंबरचा उजेड जेमतेम तासभर मिळायचा, आणि तेवढ्यात एव्हरिलला शाळाही गाठायची असायची. चेहरा तिने आणखी एकदा खरवडला. पण तिसऱ्यांदा जमला. दुसऱ्याच दिवशी तिने विल्फ्रेडला निरोप धाडला, खुर्ची घेऊन जा.

वसंतात ते चित्र मँचेस्टरच्या प्रदर्शनात लागलं. लागलं खरं, पण कोपऱ्यातल्या दालनात, दाराच्या वर, पार छताजवळ. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर एक ओळही लिहिली नाही. एव्हरिलने तिथल्या चिटणिसांना ते खाली घ्यायची विनंती केली. ते सौजन्याने म्हणाले, की खालच्या जागा सभासदांच्या असतात.

मग दर शनिवारी ती गाडीने मँचेस्टरला जाऊ लागली. दालनाच्या मधोमध उभी राहायची आणि मान वर करून आपल्याच चित्राकडे बघत राहायची. एक माणूस वर बघतोय म्हटल्यावर येणारे-जाणारेही वर बघायचे. काहीजण लगेच पुढे जायचे. काही थांबायचे. एक म्हातारी तर बाकावर बसून बराच वेळ बघत होती, आणि जाताना म्हणाली की ही बाई कुणाचं ऐकणारी दिसत नाही.

शेवटच्या शनिवारी विल्फ्रेड आला. हॅट हातात धरून तोही वर बघत उभा राहिला.

"खुर्ची आमच्या जेवणघरात आहे," तो म्हणाला. "पण तिच्यात कुणी असं बसत नाही." मग त्याने विचारलं, "हे चित्र मला देशील? खुर्चीच्या मागेच लावीन."

"नाही. हे चारचौघांना नीट दिसेल अशा भिंतीवर लागायचंय."

"आणि नाही लागलं तर?"

"तर दुसरं काढीन. काढतेच आहे."

ते खरंच होतं. बेकरीवरच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती, उजेड दुपारनंतर यायचा, आणि खालून पावाचा वास सुटला की लेटीची बैठक मोडायची. एव्हरिलने तिला सांगून ठेवलं होतं, की बसायच्या आधी पोटभर खाऊन घेत जा.