फाटकाआड जूनटीन्थ

आमच्या बॉटममधून, म्हणजे काळ्या लोकांच्या या सखल वस्तीतून, बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक आहे. बाकी तिन्ही बाजूंना नदी आणि दलदल. मालगाडी फाटकावर येऊन उभी राहिली की आम्ही अलीकडे आणि कॅडोवेल गाव पलीकडे. कधी अर्धा तास, कधी अख्खी दुपार. गाड्या ठेवायचं पुढचं यार्ड भरलेलं असतं म्हणे. या गाडीपायी लग्नं खोळंबलीत, पोरांच्या परीक्षा बुडाल्यात. एकदा तर प्रेतयात्रा अडकली. "त्याला आता कुठली घाई?" असं आमच्या चर्चचे वडीलधारे सेवक, डीकन ओडेल म्हणाले, आणि रडणाऱ्या बायकासुद्धा फसकन हसल्या.

माझी मोठी बहीण लव्होनिया नागरी हक्क संघटनेच्या आमच्या गावातल्या शाखेची अध्यक्ष. जन्मभर शाळेची बस चालवली तिनं. फाटकावर उड्डाणपूल व्हावा म्हणून ती इतकी वर्षं भांडतेय, की गावाच्या सभेत ती उठून उभी राहिली की लोक घड्याळाकडे बघायला लागतात. आणि वस्तीत तिचा एक कायदा. उभ्या गाडीखालून कुणी जायचं नाही, दोन डब्यांमधूनही नाही. लहानपणी तिची मैत्रीण ल्यूएला अशीच डब्यांमधून निघाली होती. गाडी हलली. ल्यूएलाचा पाय गेला, तो लव्होनियाच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून फाटकाजवळ कुणी वाकलेलं दिसलं तरी ती लांबून ओरडते, "ए! आईला एकटाच आहेस ना तू?"

ही गोष्ट घडली त्या वर्षी वसंतात कॅडोवेलचे मेयर केसलर स्वतः आमच्या चर्चमध्ये आले. जूनटीन्थ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या मैदानात साजरा करतो. टेक्ससमधल्या गुलामांना आपण मोकळे झालोय हे अडीच वर्षं उशिरा कळलं, तो हा जूनमधला दिवस. मेयर म्हणाले, यंदा कोर्टाच्या हिरवळीवर करू या. मंच, कर्णे, खुर्च्या, सगळं गावाकडून. डीकन ओडेल दरवर्षीसारखा गुलामांच्या सुटकेचा जुना हुकूम तिथं वाचतील. लव्होनिया बोलेल.

"फक्त एक," ते दाराशी थांबून म्हणाले. "सणाचा दिवस आहे, मिस लव्होनिया. पुलाचा विषय त्या दिवशी नको."

आणि तिनं हो म्हटलं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "पिंजऱ्याला रंग लावून देतायत तुला, व्हॉनी, आणि तू ब्रश धरायला निघालीस."

"त्या हिरवळीवर आपल्या आजीला पाय ठेवू दिला नव्हता, रॉस्को."

"मग तू ठेव. पण तोंड बंद करून?"

"एक दिवस गप्प बसले तर जीभ गळून नाही पडायची माझी," ती म्हणाली. "आधी त्यांना आपल्याला तिथं बघू दे. मग बोलू." पण त्या रात्री तिनं जेवण अर्धं टाकलं. तिचं मन तिला खात होतं, हे मला दिसत होतं.

जूनटीन्थला सकाळपासून ऊन कडक. चर्चच्या अंगणात सगळी वस्ती जमली. बायकांचे लाल-पांढरे झगे, पोरांच्या हातात लाल सरबताच्या बाटल्या, मी आणि माझ्या गॅरेजमधल्या पोरांनी पहाटेपासून धुरावर भाजलेल्या डुकराच्या बरगड्या. सगळ्यांत पुढं डीकन ओडेल. ऐंशी उलटलेला माणूस, काळा लोकरी सूट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी म्हटलं, "डीकन, गाडीत बसा ना."

"माझा पणजोबा चालत सुटला, बाळा. मी काय गाडीत बसून सुटू?"

ढोल वाजत मिरवणूक कोर्टाकडे निघाली. फाटकाजवळ पोचतो न पोचतो तोच घंटा वाजायला लागली, दांडा खाली आला आणि मालगाडी आली. तेलाचे काळे डबे, एकामागून एक. वेग कमी होत गेला. मग चाकं किरकिरली आणि गाडी थांबली. पुढचं टोक दिसत नव्हतं, मागचंही नाही.

ढोलवाल्यानं दोन टोले जास्तीचे मारले आणि तोही थांबला.

खांबावर लिहिलेल्या रेल्वेच्या नंबरावर लव्होनियानं फोन लावला. पलीकडच्या बाईनं सांगितलं, यार्डात जागा झाली की निघेल. मग तिनं मेयरना लावला. ते म्हणाले, थांबतो आम्ही, काळजी करू नका. बऱ्याच वेळानं पुन्हा लावला. ते म्हणाले, "पाहुण्यांना परत जायचंय, टीव्हीवाले आलेत. आम्ही सुरुवात करतो हळूहळू. तुम्ही येऊन मिळा."

"आमच्याशिवाय?" लव्होनिया म्हणाली. "आमचा सण?"

कोर्ट फाटकापासून लांब नाही. कर्ण्यांचा आवाज डब्यांवरून आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. आधी प्रार्थना झाली. मग मेयरचं भाषण. मग कुणीतरी सुटकेचा हुकूम वाचायला लागला. बँकेतला कुणी असावा, भराभर वाचत होता, बातम्या वाचाव्यात तसं. आमच्यात एकेका वाक्याला मंडळी "हो!" म्हणून साद देतात. तिथं कुणी काही बोलेना. आमच्याकडून मात्र एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो!" मग दुसरीच्या. मग आम्ही सगळेच, समोर काळा डबा, त्याच्याकडे तोंड करून, "हो! हो!" म्हणत राहिलो. मला असा संताप आला, की त्या डब्यावर डोकं आपटावं.

त्या गोंधळात डीकन ओडेल खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच. अर्धा चेहरा ओघळल्यासारखा झाला होता. टोपी गडगडत रुळांपर्यंत गेली.

रुग्णवाहिका लगेच आली, पण पलीकडे. दोन डब्यांच्या फटीतून तिच्यातला माणूस दिसत होता, लाल केसांचा, तरुण. तो ओरडून विचारत होता, बोलतायत का, हात हलतोय का. लव्होनिया म्हणाली, "इकडे ये ना!"

"मॅडम, गाडी ओलांडायची आम्हाला मनाई आहे. नोकरी जाईल."

"हेलिकॉप्टर?"

"सांगितलंय. वेळ लागेल." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "असा झटका आला की वेळ नसतो, मॅडम. माझ्या हातात द्या, मी घेतो. मी एवढंच म्हणू शकतो."

सगळी वस्ती लव्होनियाकडे बघत होती. तिचाच तर कायदा. ती डब्यांमधल्या त्या जाडजूड लोखंडी सांध्याकडे बघत राहिली. तिला तिथं कोण दिसत होतं, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "व्हॉनी, तू सांगशील तसं."

तिनं डोक्यावरची सणाची हॅट काढली आणि शेजारणीच्या हातात दिली. "चर्चचं घडीचं टेबल आणा. पाय काढून टाका त्याचे."

डीकनना टेबलावर झोपवलं, कमरेचे पट्टे काढून बांधलं. त्यांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, तरी बोलले. "व्हॉनी... तुझाच नियम ना गं?"

"माझाच आहे, डीकन. मोडणारही मीच. गप पडा."

ती सगळ्यांत आधी चढली. साठी ओलांडलेली बाई, पांढरा झगा, डब्याची शिडी धरून सांध्यावर उभी राहिली, मग पलीकडे उतरली. आम्ही चौघं टेबल उचलून आत घुसलो. लोखंड इतकं तापलेलं की हात चिकटत होते. टेबल सांध्यावर टेकवलं, ढकललं, पलीकडून लव्होनियानं आणि त्या लाल केसांच्या पोरानं धरलं. टेबल त्यांच्या हातात गेलं आणि तेवढ्यात गाडीनं श्वास सोडल्यासारखा फुस्स आवाज झाला. लांबून धडधड येत येत आमच्या डब्यापर्यंत पोचली. डबा हातभर सरकला. मी मागे फेकला गेलो, खडीवर आपटलो. बायकांनी किंकाळी फोडली. मी पाय चाचपले. दोन्ही होते.

गाडी निघाली नाही. हातभर सरकून पुन्हा उभी.

"रॉस्को!" पलीकडून लव्होनियाचा आवाज. "आहेस?"

"आहे, आहे! डीकन?"

"निघाले दवाखान्यात. तिथंच थांब! कुणी पाऊल टाकायचं नाही आता, ऐकलंस?"

रुग्णवाहिकेचा भोंगा लांब गेला. आम्ही अलीकडे, ती एकटी पलीकडे. फटीतून मला दिसलं, ती कोर्टाच्या दिशेनं चालायला लागली होती. झग्याला काळं तेल लागलेलं.

पुढचं आम्ही फक्त ऐकलं. कर्ण्यावर मेयर म्हणत होते, "आपल्या लाडक्या मिस लव्होनिया काही कारणानं येऊ शकल्या नाहीत..." मग खरखर, खुसफुस. मग तिचा श्वास. धाप लागली होती तिला.

"मी आलेय," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता, आज पुलाचं नाव काढणार नाही. तो शब्द मी मोडतेय. डीकन ओडेल क्रेन्शॉंना आत्ता आम्ही मालगाडीच्या डब्यांमधून बाहेर काढलं, पोत्यासारखं. जो हुकूम त्यांनी वाचायचा, तो तुम्ही वाचून घेतलात. ज्यांच्यासाठी तो होता, ती माणसं त्या गाडीमागं उन्हात उभी आहेत. जरा गप्प बसा आणि ऐका."

आणि ती थांबली. कुणाला सांगायची गरज पडली नाही. ढोल वाजला आणि आम्ही असलं नसलं ते सगळं गळ्यातून बाहेर काढलं. गाणं म्हणायचं का ओरडणं, मला माहीत नाही. ते संपलं तेव्हा कर्णे बंद झालेले होते.

तिनं नंतर सांगितलं, बरीच माणसं बुटांकडे बघत होती. काही उठून गेली. बेकरीवाली मिसेस डॉब्रिक आणि आणखी काही जण तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले आणि उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेयर म्हणाले, "तुम्ही मला फसवलंत." ती म्हणाली, "हो."

संध्याकाळपर्यंत ती पलीकडे आणि आम्ही अलीकडे. फटीतून एकमेकांचे तुकडे दिसायचे. मी विचारलं, "भूक लागली का? बरगड्या देऊ का फटीतून?"

"हात घातलास ना आत, तर तोडीन मी," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "रॉस्को, मी कुठंच नाहीये रे. तिकडे जाता येत नाही, इथं राहवत नाही."

मी म्हटलं, "मी इथंच आहे."

सूर्य कलल्यावर गाडी हलली, कुणालाही काही न विचारता. दांडा वर गेला. लव्होनिया रूळ ओलांडून आली आणि चर्चच्या पायरीवर बसून तिनं थंडगार बरगड्या खाल्ल्या.

डीकन वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर नसते वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला आणि बोलणं अर्धं झालं.

रेल्वेनं आम्हा पाच जणांवर घुसखोरीचा खटला भरला. वकिलानं तोडगा आणला. पुन्हा गाडी ओलांडणार नाही असं न्यायाधीशांसमोर कबूल करा, खटला मिटेल. आयुष्यभर हेच सगळ्यांना सांगणारी माझी बहीण उभी राहिली आणि म्हणाली, "नाही कबूल करणार. पूल द्या, मग करते." आम्ही चौघंही तिच्यामागून नाही म्हणालो. खटला अजून लोंबकळतोय. परवानगीशिवाय आम्हाला तालुक्याबाहेर जाता येत नाही. पुलाच्या पाहणीचा ठराव झाला, माणसं येऊन मोजून गेली, पुढं काही नाही.

परवा आम्ही दोघं डीकनकडे गेलो होतो. खिडकीजवळ खाटेवर पडलेले. त्यांनी डाव्या हातानं लव्होनियाला जवळ बोलावलं. शब्द लावायला त्यांना फार कष्ट पडतात.

"हुकूम... वाचला कुणी?"

"बँकेतल्या माणसानं."

"कसा?"

"भराभर, डीकन."

त्यांनी डोळे मिटले. नाराजीनं मान हलवली. मग बोटानं खुणावलं, बस. लव्होनिया खाटेच्या कडेला बसली. ते हुकुमातला पहिला शब्द बोलले, थांबले, ती तो म्हणेपर्यंत थांबून राहिले. मग दुसरा. ती चुकली की ते खाटेची पट्टी ठोकायचे. पहिलं वाक्य पुरं व्हायला कितीतरी वेळ गेला. वाक्य संपल्यावर दोघंही माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"हो," मी म्हणालो.