घंटा गप्प होतात तेव्हा

मी, खटखटा, बोलतोय. देवबागच्या एका वाडीतल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मी असतो. फणसाची एक फळी, तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या, आणि धरायला मूठ, एवढाच माझा पसारा. वर्षभर कपाटात वाळवीची सोबत करायची. येशूच्या दुःखाच्या आठवड्यात गुरुवारी इगर्जीच्या घंटेचा दोर बांधून ठेवतात, तो त्या काळी शनिवारी सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला सोडत. या मधल्या वेळात लोकांना प्रार्थनेला बोलवायचं काम माझं. म्हणजे सुतक असेल तरच माझी आठवण होते. याचा मला पूर्वी फार तोरा होता.

मला वाजवायचा मान इनासचा. आधी त्याचा बाप वाजवायचा. इनास मासेमारी करणारा, बोलायला कमी आणि देवाला भिऊन असणारा. बायको नातालीन, आणि सात वर्षांची एकुलती मुलगी सेसील.

१९५३ साली त्याच गुरुवारी सेसील तापाने फणफणली. संध्याकाळी फादरनी प्रवचनात येशूच्या यातना सांगितल्या. आपणही थोडं सोसलं पाहिजे, म्हणाले. सगळे गेल्यावर इनास येशूच्या खुरसासमोर गुडघे टेकून बसला आणि मला ऐकू येईल एवढ्याने बोलला, "शनिवारची घंटा वाजासर अन्नपाणी घेवचंय नाय. वल्ह्याक हात लावचंय नाय. माझ्या चेडवाक बरा कर."

फादरना हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला खट्-खट्पलीकडे काय बोलता येतं?

मालवणला तेव्हा गाडीरस्ता नव्हता, होडीनेच जात; पण येशूच्या मरणाच्या शुक्रवारी आमच्या वाडीत कोणी होडी पाण्यात लोटत नाही. दुपारी मिरवणूक निघाली. पुढे इनास मला हलवत, मागे काळ्या कपड्यातली माणसं. त्याच्या तळहाताची सालं निघाली होती, तरी तो थांबेना. ते रक्त माझ्या मुठीत मुरत होतं आणि मी मूर्खासारखा अधिकच जोरात वाजत होतो. तेवढ्यात नातालीन खांद्यावर वल्हं घेऊन धावत आली.

"चेडवाक धाप लागली हा. होडी काढ, मालवणाक डॉक्टराकडे जावया!"

"आज होडी? खुळी झालंस काय गो?" इनास म्हणाला. "उद्या घंटा वाजली काय नेतंय. तेणी आमच्यासाठी जीव दिल्यान, माका दोन दीस कळ काढूक जमाची नाय?"

तिने शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. इनासने मला पुन्हा हलवलं आणि मिरवणूक पुढे सरकली.

शनिवारी सकाळी घंटा वाजली. इनास मला बाकावर टाकून पळत सुटला. पुढचं मी लोकांच्या तोंडून ऐकलं. होडी खाडीच्या मध्यावर गेली आणि नातालीनच्या मांडीवर सेसीलचा श्वास थांबला.

सेसीलला पुरल्यानंतर फादरनी इनासला बाकावर बसवलं. नवसाचं तेव्हा त्यांना कळलं. "अरे, येशूनं विश्रांतीच्या दिवशीसुद्धा आजारी माणसं बरी केली," ते म्हणाले. "नवस मोडून तू वल्हं मारलं असतंस, तर तोच त्याग होता."

"ह्या माका बिरेस्ताराक कळूक व्हया होता, फादर," इनास म्हणाला. बिरेस्तार म्हणजे गुरुवार; त्या संध्याकाळचं आपलं प्रवचन फादरना आठवलं.

त्यानंतर इनासने मला हात लावला नाही. आज बारा वर्षं झाली. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा तो कान झाकून आत बसतो. नातालीन मात्र इगर्जीत येते. मेणबत्ती लावत नाही, गुडघे टेकत नाही. येशूच्या आईच्या, मरियेच्या पुतळ्यासमोर उभी राहून दरवर्षी एकच विचारते, "तुझो झील तिसऱ्या दिसाक परत इलो गो माये. माझा चेडू कधी येतला?"

मग ती वळून घरी जाते. मी कपाटाच्या फटीतून हे ऐकतो.

माझी एक कडी आता निखळली आहे, फळीला भुसा सुटलाय. तरी यंदाही कोणीतरी मला बाहेर काढील. बाबांनो, मी वाजत असताना तुमच्या घरात कोणाला धाप लागली, तर मला तिथेच वाळूत फेका आणि होडी काढा.