भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघा

सोलापुरात दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं आणि ते आलं की माणसं आधी घरातलं शिळं पाणी फेकून देतात. कालपर्यंत जे पाणी वाटीनं मोजून वापरलं, तेच नव्या धारेसमोर नकोसं होतं. गुरुबसप्पांना हे फेकणं बघवत नसे. न्हाणीच्या हौदातलं शिळं पाणी ते बादलीनं उपसत, घरामागच्या बोळात नेत आणि भिंतीलगतच्या कढीपत्त्याला घालत, उन्हाळ्यात दुप्पट. झाड त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं लावलेलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण पाण्याची एकही पाळी चुकली नव्हती. आपल्या घरात थेंब वाया जात नाही, हे म्हातारा गल्लीत येताजाता ऐकवत असे.

मागच्या दोन खोल्या त्यांनी दिवाळीत प्रभाला भाड्यानं दिल्या. प्रभा शाळेत शिकवायची, नवरा होटगीला रेल्वेत, मुलगी श्रावणी सहा वर्षांची. मार्च लागला तशी निजायच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी धरली आणि श्रावणीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खोलीतली ओल घालवा, नाहीतर पोरीला दमा जडेल.

प्रभानं घरमालकाला बोलावलं. गुरुबसप्पा आले आणि त्यांना जे हवं होतं ते पहिल्या नजरेतच दिसलं. दोरीवर ओले कपडे, बंद खिडकी, आत कूलर चालू, भिंतीला टेकून पाण्याचा ड्रम. ते तडक बाहेर ओट्यावर गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"कापडं आत वाळवायची, खिडकी लावून कूलर सोडायचा, मग भिंतीला बुरशी न्हाय तर काय मोती लागत्याल?"

घर नीट ठेवता येत नसेल तर मे संपायच्या आत खोल्या सोडा, हेही त्यांनी तिथूनच सांगून टाकलं.

खरं सांगायचं तर म्हातारा अगदीच खोटं बोलत नव्हता. प्रभानं तेवढी चूक मुकाट्यानं पदरात घेतली. कपडे अंगणात गेले, कूलर लावला की खिडकी उघडी राहू लागली, ड्रम दुसऱ्या कोपऱ्यात सरकला. पण ती बाई शिक्षिका. जिथवर ओल चढली होती तिथं तिनं पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. ओल वर सरकली की नवी रेघ.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती गुरुबसप्पांच्या दारात उभी राहिली. अप्पा, एकदा भिंत बघा, मग मी खोल्या सोडते, एवढंच म्हणाली. ते भांडायच्या तयारीनंच निघाले. आत खिडकी सताड उघडी होती, चिंधीसुद्धा वाळत नव्हती. श्रावणी दोन उशांना टेकून बसली होती आणि तिच्या छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

भिंतीवर रेघा होत्या. चार एप्रिल, नऊ, चौदा, एकोणीस, चोवीस, एकोणतीस आणि शेवटी चार मे. गुरुबसप्पा माणसांची नावं विसरत, पण पाण्याची पाळी नाही. त्यांच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या तीन, आठ, तेरा, अठरा, तेवीस, अठ्ठावीस आणि मेच्या तीन या तारखांना निळे गोल होते. म्हणजे प्रत्येक रेघ पाळीच्या दुसऱ्या दिवसाची. या भिंतीच्या पलीकडं काय आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

प्रभाला अजून उमगलं नव्हतं. पाणी आलं की आतला एखादा पाइप गळत असेल, असं तिनंच सुचवलं. सुटायला आयती वाट मिळाली होती. हो म्हणायचं, प्लंबर बोलावतो म्हणायचं, की संपलं. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात पोरीला ढास लागली.

"पाइप न्हाय, बाई," ते म्हणाले. "म्या हाय."

मग तिला बोळात नेऊन त्यांनी झाड दाखवलं, भिंतीच्या बुडातली काळी पडलेली, भुसभुशीत माती दाखवली. प्रभाला राग आला आणि तिनं तो लपवला नाही.

"तुम्ही मला गल्लीसमोर बोललात, अप्पा. आणि दोन महिने माझी पोर इथंच निजत होती."

त्या संध्याकाळी गुरुबसप्पा त्याच ओट्यावर उभे राहिले आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात, भिंत आपण भिजवली, बाईंचा दोष नाही, असं सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती. श्रावणीची गादी त्यांनी आपल्या मधल्या खोलीत टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी बिरुदेव गवंडी आला. त्यानं गिलावा ठोकून पाहिला आणि सांगितलं की महिनाभर भिंत कोरडी होऊ द्या, मगच खरवडून नवा करू, बुडाला सिमेंट भरू. तोवर तिथं पाण्याचा थेंब नको.

आठ मेला पाणी आलं. गुरुबसप्पांनी हौदातलं शिळं पाणी बादलीत घेतलं आणि पाय आपोआप बोळाकडं वळले. सोलापूरचा मे तो, कढीपत्त्याची पानं आत्ताच मलूल दिसत होती. नीलम्मा असती तर काय म्हणाली असती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. झाडासाठी भांडली असती, की पोरीसाठी? मग त्यांनी बादली संडासाशी वापरायला नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रभाच्या दारात आले आणि त्यांनी पेन्सिल मागितली. शेवटच्या रेघेपाशी वाकून बोटानं भिंत चाचपली. ओल रेघेच्या खालीच होती. त्यांनी त्याच रेघेसमोर नऊ मे लिहिलं.

श्रावणी मागून बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, नवी रेघ नाही मारली?"

"न्हाय बाळ," ते म्हणाले, "आता न्हाय मारायची," आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

बाहेर येताना त्यांना बोळात कढीपत्त्याची गळालेली पिवळी पानं दिसली. त्यांनी ती वेचून सदऱ्याच्या खिशात घातली.