कॅप्टनच्या विमानाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे आणि मला विमानांचा राग येतो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गोड बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही. प्रदर्शनात वीतभर लांबीची प्लॅस्टिकची विमानं बघून तुम्ही तोंडात बोटं घालता, त्या विमानांच्या खाली जी असते ती मी. मला बेस म्हणतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

एक कपाट मोडीत निघालं, त्याच्या दाराचा मी चांगला राहिलेला तुकडा. त्या घरच्या बाईंनी मला कापलं आणि चार दिवस पॉलिश पेपरने घासलं. बाई गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवायच्या, त्यामुळे त्यांची रेघ कधी हलत नसे. माझ्या अंगावर त्यांनी राखाडी धावपट्टी रंगवली. चाकांचे काळे ओरखडे काढले, सिमेंटच्या भेगा काढल्या, एक तेलाचा डागही काढला. भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून कडेला गवत चिकटवलं. तेव्हा मी फार खूश होते, हे कबूल करायला हवं.

मग माझ्या उरावर ते विमान आलं. ते बाईंच्या नवऱ्याने जोडलेलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या या गृहस्थांना गल्ली चेष्टेने कॅप्टन म्हणायची आणि त्यांना ते खरंच वाटायचं. पुढे एक चाक आणि मागे दोन, अशा विमानाच्या नाकात आतून शिसं भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. कॅप्टन नेमके तेच विसरले आणि विमान चिकटवून, रंगवून मोकळे झाले.

ते आंघोळीला गेले असताना बाईंनी विमान माझ्यावर ठेवून पाहिलं, तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलं. सांगितलं असतं तर कॅप्टननी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून बाईंनी मला भोक पाडलं, केसासारखी बारीक तार विमानाच्या पुढच्या चाकाला अडकवली आणि माझ्या पोटाखाली पिळून घट्ट केली. चूक एकाची आणि भोक माझ्या पोटाला! बाईंचाही मला त्या दिवशी संताप आला.

कॅप्टन बाहेर आले. विमान ऐटीत उभं होतं. "याला म्हणतात तोल!" ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी कॅप्टननी विमानापुढे कार्ड ठेवलं, 'सर्व काम स्वतःचे'. बाईंनी ते वाचलं.

"अहो, खाली माझं नाव घाला की. बेस मी केलाय."

"फळीला नाव? मग टेबलावरच्या चादरीलाही घालू!" शेजारच्या टेबलांवरचे हसले, तसा कॅप्टनना आणखी चेव आला. "अगं, लोक विमान बघायला येतात. फळी ती फळी."

"बरं. मग माझी फळी मी नेते."

तेवढ्यात परीक्षक समोर आले. बाईंनी माझ्या पोटाखाली हात घातला, तार सोडली, विमान अलगद उचलून चादरीवर ठेवलं आणि मला काखोटीला मारलं. विमानाने नाक वर केलं आणि ते ठक्कन शेपटीवर बसलं.

"नाकात वजन घालायचं राहिलं वाटतं," परीक्षक म्हणाले आणि पुढे गेले. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्याची शिक्षाही मलाच मिळाली. कॅप्टननी मला वॉशिंग मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. बाई रुसून बसल्या होत्या, ब्रशला हात लावत नव्हत्या, त्यांनी पाहूनही मला काढलं नाही. वर्षभर मी साबणाचं पाणी प्यायले. माझं गवत कुजलं, धावपट्टीला पोपडे आले. मित्रांनो, भांडण माणसांचं असतं आणि भिजते फळी, हे लक्षात असू द्या.

पुढच्या प्रदर्शनाची सूचना आली, तेव्हा बाईंनी मला ओढून काढलं. पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं आणि स्वतःच्या वेगळ्या टेबलावर एकटीला ठेवलं. पुढे स्वतःचं नाव लिहिलेलं कार्ड. कॅप्टन समोरच्याच टेबलावर होते. विमानाच्या नाकात आता शिसं होतं, खाली दुकानातली काच होती, आणि समोर कुणी नव्हतं.

माझ्याभोवती मात्र गर्दी. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणाला, "यावर कुणी विमान ठेवतं का? झकास फोटो येईल."

कॅप्टन विमान घेऊन जवळजवळ धावतच आले. बाईंनी धावपट्टीवर आडवा हात ठेवला.

"आधी कार्ड वाचा. मोठ्यानं."

कॅप्टननी इकडेतिकडे पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत बायकोचं नाव पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या. हात तिथेच होता.

मित्रांनो, खालच्याला जपा, कोरडं ठेवा, त्याचं नाव विचारा. नाहीच विचारलंत तर माझं काही अडत नाही. मला रिकामं राहता येतं. कॅप्टनना विमान हातात धरून किती वेळ उभं राहता येतं, ते आम्ही दोघी बघत होतो.