सोफ्याशेजारचं सॉफ्टी मशीन

मित्रांनो, हसू नका! सोफ्याला खेटून, पोट पुढे काढून हॉलमध्ये उभं असलेलं ते धूड म्हणजे मीच. सॉफ्टी आइसक्रीम करणारं एक जुनं मशीन. हॉलमध्ये माझं काय काम, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखं चकाकत होते. मला तीन तोट्या होत्या. एकीतून व्हॅनिला यायचं, दुसरीतून चॉकलेट आणि मधलीतून दोन्ही एकदम. मधलीचा तोरा तर काही विचारूच नका!

मला या घरातल्या ताईने आणलं. ताई वायरलेसची यंत्रं दुरुस्त करायची आणि तिचा हात फार सफाईचा होता. ती नोकरी सोडून, मला हप्त्यांवर घेऊन तिने शाळेसमोर दुकान थाटलं. काय दिवस होते ते! "ताई, अजून एक वेढा द्या ना!" "ताई, त्याला जास्त दिलं!" मुलांचा नुसता गलका असायचा. कौतुकाने माझी मोटर आणखीच घुरघुरायची.

पण ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मुलंही गेली. माझे हप्ते थकले. ताईने दुकान बंद केलं, मला घरी आणून हॉलमध्ये ठेवलं, पुन्हा दुरुस्तीचं काम धरलं आणि पगारातून थोडं थोडं फेडू लागली. बँकेचा फोन वाजला की ती बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलायची. मित्रांनो, तो फोन माझ्यासाठी असायचा. मी काहीच करू शकत नव्हते.

मग एक आनंदाची बातमी आली. नौदलाच्या गोदीत रडार दुरुस्तीसाठी ताईची निवड झाली! पण तिथे सगळा गुपितांचा मामला. त्यामुळे आधी चौकशी होणार होती. आजवर कुठे काम केलं, कुणाचं देणं आहे, सगळं लिहून द्यायचं आणि मग अधिकारी घरी येणार.

बाबा म्हणाले, "दुकानाचं नावच काढू नकोस. ती दोन वर्षं घरीच होते, असं लिही."

"अहो बाबा, पण कर्ज?"

"फिटत आलंय ना? मग उगाच कशाला उकरायचं?"

ताईने तसंच लिहून सही केली. तिचा उतरलेला चेहरा मला दिसत होता. मित्रांनो, तो माझ्यामुळे तसा झाला होता.

अधिकारी यायच्या दिवशी बाबांनी माझ्यावर फुलाफुलांची चादर घातली आणि डोक्यावर फुलदाणी ठेवली. साहेब आले. माझ्या शेजारी बसून त्यांनी चहाचा कप माझ्याच डोक्यावर टेकवला!

"ही मधली दोन वर्षं?" त्यांनी विचारलं.

"घरीच होती," बाबा म्हणाले. "हिच्या आईची तब्येत जरा..."

तेवढ्यात भरलेला ट्रे घेऊन आई तरातरा बाहेर आली. "कुणाची तब्येत?"

चादरीखाली माझा जीव गुदमरला. मग ताई उठली. तिने फुलदाणी खाली ठेवली, साहेबांच्या हातात कप दिला आणि चादर ओढली.

"साहेब, मी हे करत होते." दुकान, थकलेले हप्ते, ती सही, तिने सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी मला खालून वर पाहिलं. "कर्ज काय, मलाही आहे. पण लपवणाऱ्याला उद्या कुणीही गाठेल. 'ती फाइल दे, नाहीतर तुझं बिंग फोडतो' म्हणेल. आम्हाला भीती त्याची असते. हे आधीच लिहिलं असतंत तर अडलं नसतं."

"चूक माझी आहे साहेब, हिची नाही," बाबा म्हणाले.

"सही हिची आहे, काका."

ती जागा दुसऱ्याला मिळाली. ताईला पुढच्या भरतीपर्यंत वर्षभर थांबावं लागलं. बाबांचं जेवण कमी झालं. एका सकाळी ते जुना टूथब्रश घेऊन माझ्यासमोर बसले आणि तिन्ही तोट्या घासू लागले. घासता घासता थांबायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा घासायचे. आम्ही दोघंही अपराधी, एकमेकांशी काय बोलणार?

पुढच्या भरतीच्या वेळी चौकशीला साहेब आले, तेव्हा चहाआधीच बाबा मला थोपटून म्हणाले, "हे ते मशीन. थोडे हप्ते बाकी आहेत. पावत्या दाखवू?"

आता ताई गोदीत जाते. तिचं वाया गेलेलं वर्ष मात्र मला अजून टोचतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं फसलेलं धाडस असेल. त्याचा राग राग करू नका. त्याला पुसा, त्याचं तेलपाणी करा आणि कुणी आलं की न लाजता त्याची ओळख करून द्या.