बटणावरचं दुःख

चष्मेवाला गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोचा फोन शोकसंदेशांनी भरून गेला. सगळे एकाच साच्यातले. ‘जड अंतःकरणाने लिहीत आहे. त्यांचं दिलखुलास हसू कायम स्मरणात राहील.’

दिलखुलास? तिचा नवरा जन्मात कधी गालातल्या गालातही हसला नव्हता. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवायचा, “दिसतंय ना? मग झालं,” म्हणायचा आणि गप्प.

दुसऱ्या दिवशी भाचा भेटायला आला. छातीवर कंपनीचं नाव छापलेला शर्ट घालून.

“मावशी, मेसेज आले ना भरपूर? आमचंच ॲप आहे ते. फक्त नाव टाकायचं, बटण दाबायचं. लोकांना अशा वेळी सुचत नाही गं. आम्ही दुःख सोपं केलंय.”

या वाक्यावर म्हणे ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या. त्या ऑफिसात कॉफीचं मशीन दुरुस्त झालं तरी टाळ्या पडत.

ती फोन चाळू लागली. त्यात तिला दातांच्या डॉक्टरचाही संदेश दिसला, तोच, तस्साच, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या दुकानाला लागूनच डॉक्टरचा दवाखाना. रोज दुपारी दोघं बुद्धिबळ खेळायचे आणि रोज भांडायचे. चपला घालून ती तडक तिथे गेली.

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसला होता.

“तुम्हीसुद्धा बटण दाबलंत?”

“तासभर लिहीत होतो, वहिनी. लिहायचो आणि खोडायचो. शेवटी ते बटण समोर आलं. माझी मलाच लाज वाटली.”

“काय लिहीत होतात?”

“की माझी नजर चुकवून तो प्यादी सरकवायचा. लबाड होता एक नंबरचा.”

तिला खुदकन हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. डॉक्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग तोही रडला.

“हेच पाठवायचं होतंत,” ती डोळे पुसत म्हणाली.

घरी आली तर भाचा ठाण मांडून बसलेलाच.

“मावशी, तुझे दोन शब्द हवेत. ॲपचा किती आधार वाटला ते सांग. छोटासा व्हिडिओ. थांब, डोळे पुसू नकोस, असेच छान दिसतायत.”

“ऊठ.”

“बोलायला जमत नसेल तर मजकूर आम्ही देतो. तू नुसती वाच.”

तिने दार सताड उघडलं. “आईला सांग, पोरगा फार मोठा झालाय. माणसांच्या घरात मावेनासा झालाय.”

त्याने बॅग उचलली. चार शिव्या तरी हासडेल, निदान ओशाळेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याला काही टोचलंच नाही. जिन्यातूनच तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “नाही मिळाला व्हिडिओ. युजर अजून धक्क्यात आहे. पुढच्या आठवड्यात परत विचारू.”

तिने धाडकन दार लावून घेतलं.