किती थांबायचं

दादाच्या शिवणयंत्राच्या टेबलावर दुसऱ्या टोकाला वकिलाने आपला पसारा मांडला होता. पत्त्यातल्या एका पानाएवढा चिमुकला संगणक, त्याला जोडलेला माइक, मोडक्या रेडिओतून काढलेला स्पीकर आणि या सगळ्यांना राहायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. सुट्टीचा दिवस होता, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दादा एका पँटच्या पायाला टाके घालत बसला होता आणि मधूनमधून त्या डब्याकडे बघत होता, नव्या सुनेकडे बघावं तसा.

वकील हा काही खरा वकील नव्हे. तो दिवसा एका कचेरीतले संगणक दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ दादाच्या गल्ल्यावर बसायचा. पण त्याचा थोरला भाऊ बोलताना अडायचा, आणि धाकट्याला बोलता यायला लागल्यापासून त्याने थोरल्याचं वकीलपत्र घेऊन टाकलं होतं. दादाचं अडणं बिनआवाजी. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि उंबऱ्यावर बसकण मारायचा. दादा मान जराशी पुढे काढायचा, डोळे मिटायचा, आणि तो शब्द बाहेर पडायच्या आत धाकटा वाक्य पुरं करून मोकळा. त्याला पाणी हवंय. त्याला भात नको. त्याने अभ्यास केलाय पण वही घरी राहिली. आई हसायची आणि म्हणायची, दोघांना मिळून एकच जीभ मिळाली, ती या चोंबड्याने पळवली. तेव्हा वकील हे नाव पडलं ते पडलंच.

आता हा वकील पुढच्या महिन्यात लांबच्या शहरात नोकरीला निघाला होता. पत्र हातात आल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. दुकानात फोन आला तर कोण बोलणार? गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं तर? आपण दादाला वाऱ्यावर सोडून चाललोय, हे त्याच्या मनाला इतकं लागलं होतं की त्याने आपल्या जागी बोलणारा एक डबाच तयार करायला घेतला. दादाने तोंडी सांगायचं, डब्याने करायचं. दिवा लावायचा, फोन जोडायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या गोष्टी तर त्याने स्वतःच्या आवाजात आधीच भरून ठेवल्या होत्या. कपडे तयार आहेत. उद्या या. दुकान सुट्टीच्या दिवशी बंद असतं.

खरं तर गेल्या आठवड्यात त्याने अशीच एक वकिली केली होती, आणि ती त्याला चांगली साधली असं त्याचं मत होतं.

बटणवाली आली होती. ती बटणं, चेन, अस्तरं असलं सामान शिंप्यांना पुरवत फिरायची. दादाच्या दुकानात सामान द्यायला पाच मिनिटं पुरत, पण ती पिशवी खाली ठेवून अर्धा तास सहज बसायची. त्या दिवशी ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "मास्तर, नव्या बाजारात मी गाळा घेतेय. अर्ध्यात माझं सामान, अर्ध्यात तुमचं मशीन. येता का?"

दादाने कात्री खाली ठेवली. मान पुढे काढली, डोळे मिटले. "मी…"

"नाही हो," वकील गल्ल्यावरून म्हणाला. "त्याला नवी जागा, नवी माणसं नाही झेपायची. इथेच बरं आहे त्याचं."

दादाने डोळे उघडले, भावाकडे पाहिलं, आणि मग किंचित हसून मान डोलावली. बटणवाली क्षणभर दादाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणून तिने चेनचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि निघाली. या आठवड्यात सामान दुसऱ्याच माणसाच्या हाती आलं. दादाला एका अवघड प्रसंगातून सोडवलं म्हणून वकिलाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

तर डबा. डब्याला आधी हाक मारावी लागते, तेव्हा कुठे तो कान देतो. वकिलाने हाकेचं नाव ठेवलं होतं 'कप्तान'. दादाने मान पुढे काढली आणि तो जो अडला तो अडलाच. क म्हणजे त्याचा जन्माचा वैरी, शाळेत क, ख, ग म्हणतानासुद्धा त्याची बोबडी वळवणारा. सख्ख्या भावाला हे आठवू नये? वकिलाने जीभ चावली. दादाने मात्र काही मनावर घेतलं नाही. त्याने कापडावर आखायचा खडू उचलला आणि एका चिंधीवर लिहिलं, 'आळशा'.

"आळशा? अरे, काम करायला ठेवलाय त्याला."

"आळशा," दादा न अडता म्हणाला आणि स्वतःच खुशीत हसला. आ त्याला सरळ सुटायचा.

मग वकिलाने दादाच्या आवाजात ती हाक पुन्हा पुन्हा भरून घेतली. जवळून, लांबून, मशीन चालू असताना, पाठ फिरवून. दादा रंगात आला होता. शेवटीशेवटी तर तो आळशाला दरडावायला लागला.

"आता काम सांग," वकील म्हणाला.

"आळशा," दादाने हाक मारली. डब्यातून टिंग असा आवाज आला. "दुकानातला…" आणि दादा अडला. मान पुढे, डोळे मिटलेले.

"दुकान सुट्टीच्या दिवशी बंद असतं," डबा वकिलाच्या आवाजात म्हणाला.

वकिलाला हसू आलं. "पुन्हा सांग."

"आळशा. दुकानातला…"

"दुकान सुट्टीच्या दिवशी बंद असतं."

दादाने डोळे उघडले. डब्याकडे पाहिलं. किंचित हसला आणि त्याने मान डोलावली.

वकिलाचं हसू जागच्या जागी विरलं. हे हसू, ही मान तो जन्मापासून बघत आला होता. याचा अर्थ 'बरोबर ओळखलंस' असा होतो असं तो धरून चालला होता. पण डब्याने तर काहीच ओळखलं नव्हतं. दादाला दिवा लावून हवा होता, आणि दादाने त्या पत्र्याच्या डब्यालासुद्धा मान डोलावली होती. मग त्याचा अर्थ एवढाच होता, की जाऊ दे, कुठे तुझ्याशी झगडू. आपल्याला तरी आजवर त्याने दुसरं काय सांगितलं होतं? त्याला पाण्यापासून भातापर्यंत सगळं आठवलं, आणि मग गेल्या आठवड्यातलं आठवलं.

त्याने खाली मान घालून लॅपटॉप उघडला आणि डब्याच्या आतल्या नोंदी चाळायला लागला. त्यात एक ओळ होती. बोलणाऱ्याचं बोलणं संपलं असं समजण्याआधी किती थांबायचं. समोर जो आकडा होता तो एका सेकंदाहूनही कमी होता. कुणीतरी भराभरा बोलणाऱ्या माणसाने भराभरा बोलणाऱ्यांसाठी घातलेला. तो वाचताना वकिलाला चारचौघांत पकडल्यासारखं झालं.

"दादा, किती वेळ थांबायला सांगू याला?"

दादाने मान पुढे काढली. डोळे मिटले. वकिलाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, नव्हे, दोन-तीन उत्तरं तयार होती. त्याने ओठ दातांखाली धरले. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्या पंपाचे फुसफुस आवाज येत राहिले. एवढं थांबणं किती जड असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"भरपूर," दादा म्हणाला.

वकिलाने आकडा वाढवला, डबा बंद करून पुन्हा सुरू केला, आणि खुर्ची मागे घेऊन बसला.

"आळशा," दादाने हाक मारली. टिंग. दिवा लावायला सांगेल असं वकिलाला वाटत होतं. दादा अडला. डबा थांबला. दादा अजून अडलेलाच होता, आणि डबा अजून थांबलेलाच होता, मुकाट, एखाद्या शहाण्या माणसासारखा. "बटणवालीला फोन लाव."

पलीकडे घंटी वाजली. वकील खुर्चीत पुढे सरकला.

"बोला वकील," डब्यातून बटणवालीचा आवाज आला. दुकानाच्या फोनवर दुसरं कोण बोलणार होतं?

वकिलाने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी…" दादा म्हणाला, आणि पुढचा शब्द येईना.

"हॅलो?" ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "मास्तर, तुम्ही आहात होय. सावकाश बोला. मला घाई नाही."

"मी येतो म्हणणार होतो," दादा म्हणाला. "त्या दिवशी."

आता पलीकडचं बोलणं थांबलं. "मास्तर," ती शेवटी म्हणाली, "मी परवाच दुसऱ्या शिंप्याला शब्द देऊन बसले हो. तुम्ही मान डोलावलीत, मला वाटलं तुमच्याच मनात नाही."

"असू दे," दादा म्हणाला. पुन्हा अडला, पुन्हा सुटला. "सामान तुम्हीच आणत जा."

"आणेन," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

दादाने पँट पुन्हा मांडीवर ओढली आणि सुईत दोरा ओवायला लागला. दोरा काही जाईना. वकिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दादा," तो म्हणाला, "चूक माझी झाली."

दादाने सुई खाली ठेवली. मान पुढे काढली, डोळे मिटले. तो काय म्हणणार हे वकिलाला पक्कं ठाऊक होतं. जाऊ दे म्हणणार, तुझा हेतू चांगला होता म्हणणार. ते वाक्य त्याच्यासाठी पुरं करून दोघांचीही सुटका करावी असं त्याला फार वाटलं. तो थांबला.

"हो," दादा म्हणाला. "तुझीच."

वकिलाने मान डोलावली.